जुना कॅमेरा पाहावा घेऊन

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. माझं घर बांधून, म्हणजे डोंबिवलीत हप्त्यांनी घेऊन, झालं. लग्न तर त्याच्याही आधी झालं. पण माणसाच्या अकलेचा खरा कस कुठे लागत असेल, तर तो जुना कॅमेरा घेताना, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

त्याचं असं झालं. एप्रिल महिन्यात पुण्याहून भाचीचा फोन आला. ती मराठी घेऊन एम. ए. करते. म्हणाली, "मामा, मला जुना कॅमेरा घ्यायचाय. वीस हजारांत बसला पाहिजे. तू येशील ना माझ्याबरोबर?"

आमच्या घरात मी 'कॅमेऱ्यातला' समजला जातो. या कीर्तीचा आधार काय म्हणाल, तर १९७८ साली अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला आणून दिलेला आग्फाचा क्लिक थ्री. बडोद्याला तयार होणारा हा काळा डबा त्या काळी मध्यमवर्गीय घरांतून पुष्कळ दिसे. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. आमचा रोल गणपतीत भरला की दिवाळीनंतर धुवायला जायचा. बारांपैकी तीन फोटोंत माणसांची डोकी नसत, दोन हललेले असत आणि उरलेल्या सातांवर माझी कीर्ती उभी होती. ती पुढे कुणी तपासली नाही, एवढंच.

भाचीला कॅमेरा हवा होता तो आजीसाठी. तिची आजी म्हणजे माझी आई. वय शहाऐंशी. गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी धाकट्या भावाकडे असते. आईला जात्यावरच्या ओव्या येतात. किती येतात हे कुणी मोजलेलं नाही, तिनंही नाही. हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा लाखभर ओव्या जमवल्या. त्या कामाबद्दल वर्गात ऐकून भाची घरी आली आणि तिच्या लक्षात आलं की आपलीच आजी राहून गेली आहे.

"फोनवर घे की," आमचे शेजारी म्हणाले. त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. दिवसाउजेडी, अंगणात, लग्नामुंजीत पुष्कळांना फोन खरोखर पुरतो आणि उगाच जुना कॅमेरा घेऊन कपाटात ठेवण्यापेक्षा तो बरा. पण आमचं माजघर कोकणातलं. दुपारी बारालाही तिथं दिवेलागणीचा उजेड. फोनच्या कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारा तुकडा असतो नखाएवढा. साध्या जुन्या डीएसएलआरमधला असतो साधारण बावीस मिलिमीटर बाय पंधरा. अंधाऱ्या खोलीत हा फरक डोळ्यांना दिसतो. शिवाय भिंग बदलता येतं ते वेगळंच.

मी लगेच 'हो' म्हणालो, पण मनात धाकधूक होती. तिला कारण होतं आणि ते आमच्या गावच्या लोखंडी कपाटात पडलेलं होतं.

२००४ साली अण्णांना पंचाहत्तरावं लागलं, तेव्हा मी हप्त्यानं व्हिडिओ कॅमेरा घेतला होता. मिनी-डीव्ही कॅसेटचा, काडेपेटीपेक्षा जरा मोठी कॅसेट. तीन कॅसेट भरून अण्णांना बोलतं केलं. दाभोळहून बोटीनं मुंबईला आले ते दिवस, गिरगावातली खोली, खानावळीचा हिशेब. कॅमेरा आणि कॅसेट चामड्याच्या पिशवीत घालून, जपून म्हणून, गावच्या कपाटात ठेवल्या. दोन पावसाळे गेले. नंतर कॅमेरा सुरू केला की पडद्यावर ओल आल्याचं चिन्ह यायचं आणि स्वारी हटून बसायची. पुढे तेही दिसेनासं झालं. २००९ साली अण्णा गेले. त्यांचा आवाज त्या तीन कॅसेटमध्ये होता आणि कॅसेट वाजवायला आमच्याकडे काही नव्हतं. दुरुस्त करू, दुरुस्त करू म्हणत वर्षं गेली. कॅमेऱ्याच्या बाबतीत मला शहाणा समजणाऱ्या भाचीला हे ठाऊक नव्हतं.

तर एका शनिवारी आम्ही दोघं सीएसएमटीला उतरलो आणि फोर्टातल्या बोरा बाजारात शिरलो. कॅमेऱ्यांच्या दुकानांसाठी ही गल्ली जुन्या लोकांना ठाऊक आहे. काचेच्या कपाटांतून नवे-जुने कॅमेरे भाजीसारखे मांडलेले. भाचीनं वीस हजार म्हटल्याबरोबर चार दुकानांत चार कॅमेरे समोर आले. प्रत्येक दुकानदार मेगापिक्सेलपासून सुरुवात करी. हा अठराचा, हा चोवीसचा. जणू आम्ही सोनंच घ्यायला गेलो होतो. अर्ध्या तासात आम्हा दोघांचंही डोकं फिरलं. शेवटी एका दुकानदारानंच दया येऊन वरच्या मजल्यावरच्या दुरुस्तीवाल्यांकडे पाठवलं.

लाकडी जिना चढून गेलो. खिडकीशी टेबल, टेबलावर दिवा आणि उघडलेल्या कॅमेऱ्यांची आतडी. काका सत्तरीच्या आसपासचे. आम्ही मॉडेलांची यादी वाचायला लागलो तसे म्हणाले, "कॅमेऱ्याचं नंतर. काय काढायचंय?"

"माझी आजी," भाची म्हणाली.

"बसलेली?"

"जात्यावर. दळताना गाणार."

"गाणार ना? मग आधी कॅमेऱ्याचा कान बघा ताई. डोळा सगळ्यांचाच बरा असतो."

पुढचा पाऊण तास त्या माणसानं आमची जी शिकवणी घेतली, तिला फी लावली असती तरी मी दिली असती. व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर निकॉनचा डी-९०, ऑगस्ट २००८ मधला. फोटोंसाठी आजही छान, जुनी भिंगंसुद्धा आपोआप जुळवून घेतो. पण त्याचा व्हिडिओ एका दमात पाच मिनिटांच्या पुढे जात नाही आणि बाहेरचा माइक लावायला त्याला भोकच नाही. म्हणजे आजीच्या कामाचा नाही. कॅननचा २०१० चा ५५०-डी घ्या. त्याला माइकचं भोक आहे, पण आवाजाची पातळी तो स्वतः ठरवतो. गाणारा जरा थांबला की आजूबाजूची खुसफूस वर चढवतो. पुढच्या वर्षीच्या ६००-डीपासून ही पातळी हातानं ठरवता येऊ लागली. २०१३ चा ७००-डी तसाच, शिवाय त्याचा पडदा बाहेर उघडून हवा तसा वळवता येतो.

"म्हणजे जितका नवा तितका चांगला," मी मामाला शोभेल असा निष्कर्ष काढला.

"अजिबात नाही साहेब." त्यांनी बोटावर हिशेब दिला. निकॉनच्या २०१४ च्या डी-३३०० ला माइकचं भोक आहे. त्याच्यानंतर २०१६ साली आलेल्या डी-३४०० ला ते नाही, काढून टाकलं. कॅननच्या १२००-डी, १३००-डी या स्वस्त जातींनाही नाही. खालच्या दुकानात आम्हाला "एकदम नवा पीस" म्हणून दाखवलेला कॅमेरा याच जातीतला होता! पाहुणा होऊन तो आमच्या घरी आला असता आणि आई गायला बसल्यावर आम्हाला कळलं असतं की याला कानात घालायला काही सोय नाही.

मग काकांनी भिंगाकडे मोर्चा वळवला. त्यांचं म्हणणं असं की जुना कॅमेरा घेताना लोक यंत्राला बघतात आणि भिंग फुकटात आल्यासारखं पिशवीत टाकतात. निदान मुंबईत आणि कोकणात तरी उलट करावं, कारण आपल्याकडे भिंगाचा शत्रू एकच, बुरशी. दमट हवेत बंद पिशवीत ठेवलेल्या भिंगावर ती धरते, आधी काचेच्या कडेला, मग कोळ्याच्या जाळ्यासारखी आत पसरते. नुसतं बघून ती दिसत नाही. भिंग काढायचं, पडदा पूर्ण उघडा ठेवायचा, मागून विजेरी धरायची आणि तिरकं बघायचं. धुळीचे चार कण दिसले तर सोडून द्या, धूळ सगळ्यांतच असते. धागे दिसले तर भिंग खाली ठेवा. बुरशी पुसता येते, पण तिच्या आम्लानं काचेवरचा लेप खाल्लेला असेल तर ती खूण जात नाही.

मी सहज म्हणालो, "आम्ही चामड्याच्या पिशवीत ठेवायचो."

काका हसले. "चामडं ओल धरतं साहेब. बुरशीला गादी घालून दिलीत तुम्ही. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा घ्यायचा, आत सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की भाजून परत निळे करायचे. दर महिन्याला कॅमेरा काढून वापरायचा. देवघरातला नव्हे तो, बाहेर काढला पाहिजे."

खाली येऊन आम्ही शहाण्यासारखे पुन्हा दुकानं फिरलो, पण आता भाचीच्या हातात काकांची विजेरी होती. पहिल्या दुकानातलं भिंग बाहेरून आरशासारखं होतं. उजेड धरला आणि आत पांढरं जाळं. दुकानदार म्हणाला, "फोटोत येत नाही ते." ते खरंही असेल, थोडी बुरशी फोटोत चटकन दिसत नाही. दिव्यासमोर धरलं की सगळं चित्र दुधाळ होतं, तेव्हा दिसते. आमच्या माजघरात उजेड मागच्या दारातूनच यायचा होता. आम्ही नमस्कार केला.

तिसऱ्या दुकानात एक ७००-डी मिळाला. भाचीनं तो असा तपासला की मुलगी बघायला आलेल्यांनीही लाजावं. भिंतीचा पांढरा भाग सोळाच्या छिद्रावर टिपून डाग पाहिले. झाकण लावून तीस सेकंद अंधार टिपला आणि त्यात कायम पेटलेले ठिपके शोधले. पडदा दहा वेळा उघडमिट केला, कारण आतली पट्टी तिथेच तुटते. शटर किती वेळा पडलंय ते निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेलं असतं, कॅननच्या या जातीत नसतं. काकांच्या संगणकावर ते बघून घेतलं, तीस हजारांच्या आत होतं. अशी शटरं साधारण एक लाखाच्या हिशेबानं बनवलेली असतात. शेवटी माइक लावून एक मिनिट बोलली आणि लगेच परत लावून ऐकलं. या कॅमेऱ्याला कानाला लावायचं भोक नाही, तेव्हा आवाज आला की नाही हे घेऊन झाल्यावरच कळतं.

पंधरा हजार पाचशे सांगितले, चौदाला तुटलं. बरोबरच्या भिंगाखेरीज पन्नास मिलिमीटरचं १.८ छिद्राचं साधं प्लॅस्टिकचं भिंग साडेतीन हजारांत, पदराला लावायचा माइक नऊशेला, जादा बॅटरी सातशेला. वीस हजारांतले नऊशे उरले, पैकी दोनशे त्याच दिवशी जेवणात गेले.

निघताना मी काकांना कॅसेटबद्दल विचारलंच. भाचीसमोर विचारायला जरा जड गेलं. ते म्हणाले, "घेऊन या. आणि कॅसेट कुठल्याच मशीनमध्ये घालून बघू नका."

मे महिन्यात गावी गेलो. आईनं कॅमेरा पाहिला आणि आधी लुगडं बदलायला गेली. मग म्हणाली, नुसती बसून काय गाऊ, जातं मांडा. तेव्हा काकांचा कान-डोळा आम्हाला खऱ्या अर्थानं कळला. जात्याची घरघर एवढी की कॅमेऱ्याच्या आपल्या माइकवर आईचा आवाज त्या दगडाखाली भरडून निघाला. पदराचा माइक लावला, पातळी हातानं बसवली, तेव्हा जातं मागे गेलं आणि आई पुढे आली.

डोळ्यानंही एकदा दगा दिला. अंधार म्हणून भाचीनं १.८ वर घेतलं. दळणारं माणूस पुढे-मागे झुलतं हे आम्ही दोघंही विसरलो होतो. पुढे आली की आई स्पष्ट, मागे गेली की धूसर. पहिला अर्धा तास असा गेला. मग छिद्र २.८ वर आणलं, आयएसओ वाढवला, थोडे दाणे चालवून घेतले. संध्याकाळी ट्यूबलाइट लावली तर चित्रात पट्टे सरकू लागले. सेकंदाला पंचवीस चित्रं आणि शटर पन्नासावर ठेवल्यावर ते गेले. आपल्याकडची वीज पन्नासच्या ठेक्यावर चालते, त्याला जुळवून घ्यावं लागतं. कॅमेरा एकोणतीस मिनिटं एकोणसाठ सेकंदांनी आपण होऊन थांबतो. आईला ते ठाऊक नसल्यानं ती गातच राही आणि भाची पुन्हा बटण दाबायला धावे. तीन दिवसांत दीडशेच्या वर ओव्या झाल्या. चौथ्या दिवशी आई म्हणाली, आता पुरे, नाचणी कुणी खायची एवढी?

येताना कपाटातून कॅसेट आणल्या. काकांनी एकेक कॅसेट खिडकीतल्या उजेडात धरली. पहिलीच्या फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसत होती. ती त्यांनी बाजूला ठेवली. अशी फीत घातली तर ती फाटतेच, वर मशीनचं हेडही घाण होतं. मग त्यांनी विचारलं, "एसपीवर घेतलंय की एलपीवर?"

मला आठवलं. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये नव्वद मिनिटं बसतात म्हणून मी एलपी लावलं होतं. दोन कॅसेटचे पैसे वाचवले होते. काका काही बोलले नाहीत. एलपीवरची फीत ज्या कॅमेऱ्यानं घेतली त्यालाच नीट वाचता येते, दुसऱ्याला बहुधा नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. आमचा मूळ कॅमेरा उघडून पाहिला, आतून गंजला होता.

मग चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, मिनी-डीव्हीचा चालता कॅमेरा शोधायला गेलो. तपासायला सोसायटीच्या हळदीकुंकवाची कॅसेट नेली होती. फीत खाणारं मशीन निघालं तर तीच जावी, हा काकांचा सल्ला. (सोसायटीतल्या भगिनींना हे कळू नये.) एकानं आठ मिलिमीटरच्या मोठ्या कॅसेटचा कॅमेरा गळ्यात मारायचा प्रयत्न केला, कॅसेट आतच जाईना तेव्हा गप्प बसला. शेवटी तीन हजारांना एक मिळाला. चित्र काढण्याच्या कामी तो बाद होता, भिंगावर बुरशी, पडद्याचा एक कोपरा काळा. पण हळदीकुंकू नीट चाललं. काकांकडे जुन्या खोबणीचा संगणक होता, त्यावर उतरवून घेतलं. तासाभराच्या कॅसेटला तासच लागतो आणि तेरा जीबी जागा.

दुसऱ्या कॅसेटमध्ये अण्णांचा चेहरा चौकोनांत फुटून जातो. आवाज येतो, जातो. बोटीचं सगळं त्यातच होतं. तिसरी मात्र एसपीवर निघाली. का, ते आठवत नाही. बहुधा तेव्हा मी बटण लावायला विसरलो असेन. बावन्न मिनिटं स्वच्छ. त्यात अण्णा मुख्यतः खानावळीचा हिशेब सांगतात आणि मधूनमधून मला म्हणतात, "अरे, बंद कर ते, उगाच वीज जाळतोयस."

गणपतीत गावी टीव्हीला जोडून लावलं. सगळे जमले होते. भाचीनं आधी आजीची ओवी लावली, मग अण्णांना. आई दारालगत बसली होती. पाच-सात मिनिटं काही बोलली नाही. मग कानामागचा पदर मागे सारून मला म्हणाली, "आवाज वाढव रे जरा."

आवाज पूर्ण वाढवलेलाच होता. भाचीनं उठून पंखा बंद केला.